दर्यावरची रसद

(लढाऊ जहाजे समुद्रात कित्येक आठवडे फिरत असतात. त्यांना अन्न, औषधे आणि यंत्रांचे सुटे भाग कसे मिळतात, आणि या कामी हेलिकॉप्टरचा उपयोग कसा होतो, याची माहिती या पाठात दिली आहे.)

रसद हा शब्द तुम्हाला परका नाही. उर्दूच्या पुस्तकात तो तुम्ही वाचला असेल. मराठीतही तो तसाच आहे. सैन्याला पुरवायचे धान्य, दारूगोळा आणि इतर सामान म्हणजे रसद. जहाज, बंदर, खलाशी, लष्कर हे शब्दही दोन्ही भाषांत चालतात. होडीच्या मालकाला आपले कोळी बांधव नाखवा म्हणतात. तो शब्द फारसीतील नाखुदा या शब्दापासून आला आहे. एका शब्दाबाबत मात्र सावध राहा. उर्दूत दरिया म्हणजे नदी आणि मराठीत दर्या म्हणजे समुद्र. तेव्हा या पाठाचे नाव वाचून मुठेच्या काठावर जाऊन उभे राहू नका. आपल्याला बरेच लांब जायचे आहे.

लढाऊ जहाज म्हणजे एक लहानसे गावच असते. मोठ्या जहाजावर शेकडो माणसे राहतात. तेथे स्वयंपाकघर असते, दवाखाना असतो, कपडे धुण्याची सोय असते. पिण्याचे पाणी जहाज स्वतःच तयार करते. समुद्राच्या पाण्यातील मीठ काढून टाकणारी यंत्रे त्यावर बसवलेली असतात. पण पीठ, तांदूळ, डाळ, कांदे, बटाटे समुद्रात पिकत नाहीत. पालेभाजी तर थोड्याच दिवसांत संपते किंवा सडते. एखाद्या पंपाची लहानशी चकती मोडली, तर ती विकत घ्यायला समुद्रात दुकान नसते. आणि सर्वांत मोठी गरज इंधनाची. इंधन संपले, की कितीही बलाढ्य जहाज लाटांवर डोलणाऱ्या लोखंडी डब्यासारखे होते.

मग जहाजाने बंदरात परत यावे, सामान भरावे आणि पुन्हा जावे, असे कोणी म्हणेल. याचा हिशेब करून पाहू. एडनच्या आखातात चाचे व्यापारी जहाजे लुटत असत. ऑक्टोबर २००८ पासून भारतीय नौदलाची जहाजे त्या भागात गस्त घालू लागली. मुंबईपासून एडन सुमारे ३,००० किलोमीटर दूर आहे. समुद्रावर वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. जहाज १५ नॉट वेगाने निघाले, तर ते तासाला सुमारे २८ किलोमीटर जाते. म्हणजे एडनहून मुंबईला यायला साडेचार दिवस आणि परत जायला साडेचार दिवस. एकूण नऊ दिवस. सामान भरण्याचा वेळ वेगळाच. एवढे दिवस त्या जहाजाच्या जागी पहारा राहणार नाही, आणि चाच्यांना नेमके तेच हवे असते.

कधी कधी जहाजावरची तोंडेही एकाएकी वाढतात. मार्च २०२४ मध्ये नौदलाच्या ‘आय.एन.एस. कोलकाता’ या जहाजाने चाच्यांनी पळवलेले ‘रुएन’ नावाचे मालवाहू जहाज भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर अडवले. चाळीस तासांच्या कारवाईनंतर १६ मार्च रोजी ३५ चाचे शरण आले आणि जहाजावरील १७ खलाशी सुखरूप सुटले. त्या ३५ चाच्यांना घेऊन ‘कोलकाता’ २३ मार्चला मुंबईत पोहोचले. चाचे झाले तरी माणसेच. आठवडाभर त्यांनाही जेवू घालावे लागणारच.

शत्रूशी समोरासमोर लढता येत नसेल, तर त्याची रसद तोडावी, ही युक्ती फार जुनी आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. ते काम मायनाक भंडारी पाहत होते. महाराजांच्या आरमाराचे एक प्रमुख दौलतखान हेही त्या मोहिमेत होते. इंग्रजांना हा किल्ला नको होता. त्यांनी गलबते आणून बेटाची वाट अडवली. बेटावर धान्य पिकत नव्हते. सगळे किनाऱ्यावरूनच न्यावे लागे. इंग्रजांची मोठी गलबते वाऱ्यावर चालत. वारा पडला, की ती जागच्या जागी खिळून राहत. मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांनी चालत. रात्रीच्या अंधारात त्या गलबतांना चुकवून जात आणि बेटावर रसद उतरवून परत येत. इंग्रजांनी कित्येक आठवडे प्रयत्न केले, पण खांदेरी त्यांच्या हाती लागली नाही. मोठ्या गलबतांना जे जमले नाही, ते लहान होड्यांनी केले, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आता आजच्या काळाकडे येऊ. आजच्या नौदलात रसद वाहण्यासाठी वेगळी जहाजे असतात. त्यांना टँकर म्हणतात. उन्हाळ्यात पेठेत येणाऱ्या पाण्याच्या टँकरसारखे मात्र ते नसतात. ‘आय.एन.एस. दीपक’ हा असाच एक टँकर आहे. तो इटलीत बांधला गेला आणि २१ जानेवारी २०११ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाला. त्याची लांबी सुमारे १७५ मीटर, म्हणजे फुटबॉलच्या दीड मैदानाहून अधिक आहे. पूर्ण भरल्यावर त्याचे वजन सुमारे २७,५०० टन होते. याच नावाचा एक जुना टँकर १९६७ सालापासून नौदलात होता. तो जर्मनीत बांधलेला होता.

टँकर आणि लढाऊ जहाज समुद्रात भेटले, की ती थांबत नाहीत. दोन्ही जहाजे एकमेकांना समांतर, एकाच वेगाने चालत राहतात. त्यांच्यात साधारण चाळीस-पन्नास मीटरचे अंतर असते. एका जहाजावरून दुसऱ्यावर आधी एक बारीक दोरी फेकतात. तिच्यामागून जाड दोर जातो, त्याच्यामागून पोलादी तार आणि शेवटी त्या तारेवरून लोंबकळत इंधनाची जाड नळी जाते. इंधन वाहू लागते. हे काम काही तास चालते.

ऐकायला सोपे वाटते, पण यात मोठा धोका आहे. रस्त्याने चालताना आपल्या शेजारून भरधाव ट्रक गेला, तर आपण त्याच्याकडे ओढले जातो की काय, असे वाटते. दोन जहाजे शेजारी शेजारी चालू लागली, की त्यांच्यामधले पाणी जोराने वाहू लागते आणि जहाजे एकमेकांकडे ओढली जातात. सुकाणू धरणाऱ्याने क्षणभरही दुर्लक्ष केले, तर दोन पोलादी डोंगर एकमेकांवर आदळतील. शिवाय नळी जोडलेली असेपर्यंत कोणालाच वळता येत नाही. त्याच वेळी शत्रूची पाणबुडी आली, तर? नळी तोडून दूर पळणे एवढाच मार्ग उरतो.

येथेच हेलिकॉप्टर कामी येते. हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही. ते हवेत एका जागी स्थिर राहू शकते. टँकरच्या मागच्या बाजूला सपाट डेक असतो. तेथून सामान उचलून ते दुसऱ्या जहाजावर नेऊन ठेवते. मग दोन जहाजांनी एकमेकांना चिकटून चालण्याची गरज उरत नाही. ती दोन किलोमीटर दूर असोत की वीस, आपापल्या वाटेने जात राहतात. जहाजाच्या बाजूने सामान आणण्याऐवजी ते वरून आणायचे, म्हणून या पद्धतीला आपण ‘उभा पुरवठा’ म्हणू. नौदलातील लोक तिला ‘व्हर्टरेप’ म्हणतात.

अमेरिकेत हेलिकॉप्टर पहिल्यांदा जहाजावर उतरले, ते १९४३ साली. विशेष म्हणजे ते जहाज लढाऊ नव्हते, तेलवाहू होते. पुढे १९६४ पासून अमेरिकेच्या नौदलाने रसद वाहण्यासाठी दोन मोठ्या पंख्यांची ‘सी नाइट’ नावाची हेलिकॉप्टरे वापरायला सुरुवात केली. व्हिएतनामच्या युद्धात ही पद्धत रुळली आणि नंतर जगभरातील नौदलांनी ती उचलली.

हे काम नेमके कसे चालते, ते समजायला मुंबईला जाण्याची गरज नाही. कसबा पेठेतील जुन्या वाड्यांत हा प्रकार अजूनही दिसतो. खाली गल्लीत भाजीवाला हातगाडी घेऊन येतो. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना जिना उतरवत नाही. त्या दोरीला बांधलेली टोपली गॅलरीतून खाली सोडतात.

“अर्धा किलो वांगी दे रे, आणि कोथिंबीर विसरू नकोस.”

“सोडा आजी, धरली टोपली.”

टोपली वर ओढताना वाऱ्याने हलते, गोल गोल फिरते, भिंतीला घासते. गाठ सैल असेल, तर वांगी गल्लीत पडतात. टोपली मात्र सहसा दगा देत नाही. ती बुरूड आळीतल्या कारागिराने विणलेली असते.

आता कल्पना करा. आजींची गॅलरी एका जागी नाही; ती हवेत तरंगते आहे. भाजीवाल्याची गाडीही पुढे पळते आहे, डावी-उजवीकडे कलते आहे आणि लाटेबरोबर एका माणसाच्या उंचीइतकी खाली-वर होते आहे. टोपलीत अर्धा किलो वांग्यांऐवजी सात क्विंटल सामान आहे. वारा एवढा, की डोक्यावरची टोपी टिकत नाही. आणि पंख्याच्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. उभा पुरवठा म्हणजे हे सगळे एकाच वेळी.

काम सुरू होण्याआधी टँकरच्या डेकवर सामानाच्या राशी मजबूत जाळ्यांत बांधून तयार ठेवतात. प्रत्येक राशीचे वजन करून ते लिहून ठेवलेले असते. जाळीची चारही टोके वर एकत्र आणून एका जाड पट्ट्याला अडकवतात. पट्ट्याच्या वरच्या टोकाला एक कडी असते. डेक झाडून स्वच्छ करतात. ही झाडलोट दिखाव्यासाठी नसते. एखादा कागद, चिंधी किंवा प्लॅस्टिकची पिशवी वाऱ्याने उडून इंजिनात ओढली गेली, तर इंजिन बंद पडू शकते.

मग हेलिकॉप्टर येते आणि डेकच्या वर काही मीटरवर स्थिर राहते. त्याच्या पोटाखाली एक पोलादी आकडा असतो. डेकवरचा एक नौसैनिक वाकून त्याच्याखाली जातो आणि पट्ट्याची कडी त्या आकड्यात अडकवतो. संपूर्ण कामातला हा सर्वांत नाजूक क्षण.

सगळे लोक वैमानिकाचे कौतुक करतात. ते योग्यच आहे. पण मला विचाराल, तर कडी अडकवणाऱ्या माणसाचे काम अधिक अवघड आहे. डोक्यावर हाताच्या अंतरावर दोन टन वजनाचे यंत्र घोंगावते आहे. पायाखालचा डेक हलतो आहे, ओला आहे. पंख्याच्या वाऱ्याने समुद्राचे पाणी उडून डोळ्यांत जाते आहे. आणि त्यातच विजेचा झटका बसण्याची भीती. हिवाळ्यात लोकरीचा स्वेटर काढताना चटचट आवाज होतो, तो तुम्ही ऐकला असेल. ती घर्षणाने साठलेली वीज. हेलिकॉप्टरची पाती हवेत वेगाने फिरतात, तेव्हा त्याच्या अंगावरही अशीच वीज साठते, आणि ती स्वेटरमधल्या विजेपेक्षा कितीतरी जास्त असते. उघड्या हाताने आकड्याला स्पर्श केला, तर माणूस फेकला जाईल. म्हणून आधी तारेने जहाजाला जोडलेला एक धातूचा दांडा आकड्याला टेकवतात. साठलेली वीज त्या तारेतून जहाजात आणि तेथून समुद्रात निघून जाते. मगच कडी अडकवायची. आपल्या घरातील विजेच्या अर्थिंगचे तत्त्वही हेच आहे.

कडी अडकली, की तो माणूस ताबडतोब बाजूला होतो. कोणत्या बाजूने जायचे, हे आधीच ठरलेले असते, कारण लोंबकळणाऱ्या ओझ्याखाली कोणीही उभे राहायचे नाही, हा या कामाचा पहिला नियम आहे. ओझ्याप्रमाणे फिरत्या पात्यांचेही भय असते. ४ नोव्हेंबर २०२३ रोजी कोची येथील नौदलाच्या तळावर चेतक हेलिकॉप्टरला अपघात झाला. त्या वेळी ते उड्डाण करत नव्हते. जमिनीवर त्याची तपासणी चालू होती. तरीही जमिनीवरच्या एका नौसैनिकाचा मृत्यू झाला.

वैमानिकाची अडचण निराळीच असते. त्याला समोरचे दिसते, पण स्वतःच्या पोटाखालचे ओझे दिसत नाही. म्हणून हेलिकॉप्टरच्या दारात एक साथीदार ओणवा होऊन खाली पाहत असतो. तो कानाला लावलेल्या यंत्रातून सांगत राहतो, “थोडे पुढे. अजून पुढे. डावीकडे. थांबा. खाली, खाली. टेकले.” वैमानिक त्याच्या डोळ्यांनी पाहतो, असे म्हटले तरी चालेल. ओझे उचलल्यावर ते झोके घेऊ लागले, तर घाईने वेग बदलायचा नाही. झोका वाढत गेला, तर हेलिकॉप्टरच कलंडू शकते. अगदी नाइलाज झाला, तर वैमानिकाच्या हाताशी एक बटन असते. ते दाबले, की आकडा उघडतो आणि ओझे समुद्रात पडते. कांदे-बटाटे गेले तर पुन्हा आणता येतात.

भारतीय नौदलात हे काम अनेक वर्षे चेतक हेलिकॉप्टरने केले आहे. चेतक हे राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव. मूळ हेलिकॉप्टर फ्रान्सचे. तेथे त्याला ‘अलुएत’ म्हणतात. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ चंडोल पक्षी. साठच्या दशकात बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स या कारखान्यात ते बनू लागले आणि चंडोलाचा घोडा झाला. त्याला एकच इंजिन असते. त्याच्या मोठ्या पंख्याला तीन पाती असतात आणि पंख्याचा व्यास सुमारे ११ मीटर असतो. ओझ्यासकट त्याचे वजन २,२०० किलोपेक्षा जास्त होऊन चालत नाही. पोटाखाली ते ७५० किलोपर्यंत ओझे उचलू शकते.

७५० किलो म्हणजे खूप की थोडे? ते काय न्यायचे, यावर अवलंबून आहे. समजा, जहाजावर ३०० माणसे आहेत आणि प्रत्येकाला दिवसाला २ किलो अन्न लागते. एकूण ६०० किलो झाले. म्हणजे चेतकच्या एका फेरीत सर्वांच्या एका दिवसाच्या जेवणाची सोय होते. आता समजा, त्याच जहाजाला ३०० टन इंधन हवे आहे. त्यासाठी चेतकला ४०० फेऱ्या कराव्या लागतील. एका फेरीला दहा मिनिटे धरली, तरी न थांबता जवळजवळ पावणेतीन दिवस लागतील. नळीने तेच काम काही तासांत होते. म्हणून तेलासाठी नळी आणि इतर सामानासाठी हेलिकॉप्टर, अशी विभागणी असते. हेलिकॉप्टर आले म्हणून टँकरची गरज संपली, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. हेलिकॉप्टर ही खांदेरीची होडी आहे. ती थोडे नेते, पण जेथे मोठ्याला जाता येत नाही तेथे नेते.

मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या हेलिकॉप्टरांचा तळ आहे. २२ जानेवारी २००९ पासून त्याचे नाव ‘आय.एन.एस. शिक्रा’ आहे. शिक्रा हा ससाण्यासारखा एक शिकारी पक्षी. या शब्दात ‘शिकार’ दडली आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. चेतकच्या तुकडीचे नाव मात्र ‘एंजल्स’, म्हणजे फरिश्ते. बुडणाऱ्या माणसाला दोरीने वर ओढून घेणे हेही याच तुकडीचे काम असल्यामुळे हे नाव तिला शोभते. चेतकपेक्षा मोठी ‘सी किंग’ हेलिकॉप्टरेही येथे राहिली आहेत. ६ मार्च २०२४ रोजी कोचीत ‘सीहॉक’ या नव्या अमेरिकन हेलिकॉप्टरांची तुकडी नौदलात आली.

पुण्यातल्या मुलांना समुद्र दूरचा वाटतो. पण नौदलाचे अनेक अधिकारी आपल्या शेजारीच, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकतात. त्यांचे शिडाच्या होड्या चालवण्याचे पहिले धडे खडकवासल्याच्या तलावात होतात. तेच पाणी कसब्यातल्या नळांना येते.

चेतकने रसद नेण्याचे काम फक्त आपल्या समुद्रात केले, असे नाही. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ नावाचे एक जहाज निघाले. ते नॉर्वेहून भाड्याने घेतलेले होते. त्यावर २१ भारतीय होते, आणि त्यांचे नेते होते डॉ. सय्यद जहूर कासिम. ते अलाहाबादचे. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ते संचालक होते. पुढे दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरूही झाले. जहाज दक्षिणेकडे जात राहिले. हवा थंड होत गेली, मग पाण्यावर बर्फाचे तुकडे दिसू लागले, मग बर्फाचे डोंगर. ९ जानेवारी १९८२ रोजी भारताच्या पहिल्या मोहिमेने अंटार्क्टिकावर पाऊल ठेवले. अशा ठिकाणी धक्का नसतो, क्रेन नसते. जहाज बर्फाच्या कडेला उभे राहते आणि पुढे दूरवर फक्त बर्फ असतो. त्यात खोल भेगाही असतात. तेथे माणसे आणि सामान आत न्यायला हेलिकॉप्टरासारखे दुसरे साधन नाही. नौदलाची चेतक हेलिकॉप्टरे त्यासाठीच बरोबर नेली होती. २१ फेब्रुवारीला सर्व जण गोव्याला परत आले.

चेतक किंवा दुसरे कोणतेही हेलिकॉप्टर किनाऱ्यापासून हजार-दोन हजार किलोमीटर दूर जाऊन परत येऊ शकत नाही. तेवढे इंधनच त्यात मावत नाही. जवळ टँकरही नसेल आणि जहाजाचे एखादे यंत्र मोडले, तर काय करायचे? त्यासाठी विमानातून पेटी टाकण्याचा उपाय निघाला. आय.एल.-३८ या विमानातून ‘सहायक’ नावाची पेटी समुद्रात टाकून पाहिली. १५० किलो सामान मावेल अशा आणखी एका पेटीचीही चाचणी झाली. पेटी छत्रीने हळूहळू खाली येते, पाण्यावर तरंगते आणि जहाज ती उचलून घेते. आय.एल.-३८ ही विमाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नौदलातून निवृत्त झाली. पेटीची कल्पना मात्र इतर विमानांतूनही वापरता येण्यासारखी आहे. ‘रुएन’ जहाजाच्या कारवाईतही हवाई दलाच्या मोठ्या विमानातून दोन रबरी होड्या आणि कमांडो समुद्रात उतरवले होते.

विमानातून टाकलेली पेटी मात्र एकाच दिशेने जाते. हेलिकॉप्टर परतही येते. जहाजावर ओझे ठेवून ते रिकामे निघत नाही. आधीच्या फेरीतल्या रिकाम्या जाळ्या आणि पट्टे त्याला अडकवतात. मोडलेला पंप दुरुस्तीसाठी जातो. खलाशांनी घरी लिहिलेल्या पत्रांची पिशवी जाते. आणि एखाद्या खलाशाच्या पोटात रात्रीपासून कळा येत असतील व डॉक्टरांना अपेंडिक्सची शंका असेल, तर बाकी सगळे सामान बाजूला राहते आणि आधी त्याची स्ट्रेचर हेलिकॉप्टरमध्ये चढते.

शब्दार्थ

गस्त – पहारा देत फिरणे
चाचे – समुद्रावरचे लुटारू
गलबत – शिडाचे मोठे जहाज
वल्हे – होडी चालवण्याचा चपटा दांडा
सुकाणू – जहाज वळवण्याचे साधन
समांतर – सारखे अंतर ठेवून शेजारून जाणारे
ओणवा – कमरेत खाली वाकलेला
घर्षण – एक वस्तू दुसरीवर घासणे

स्वाध्याय

१. इंधन देताना दोन जहाजांना कोणकोणते धोके असतात?
२. आकड्याला कडी अडकवण्यापूर्वी धातूचा दांडा का टेकवतात?
३. ‘हेलिकॉप्टर ही खांदेरीची होडी आहे,’ असे लेखकाने का म्हटले आहे?
४. एका जहाजावर २५० माणसे आहेत. प्रत्येकाला रोज २ किलो अन्न लागते. १५ दिवसांचे अन्न नेण्यासाठी चेतकला किती फेऱ्या कराव्या लागतील?
५. पाठातील असे पाच शब्द शोधा, जे उर्दूतही वापरले जातात. त्यांपैकी कोणाचा अर्थ दोन्ही भाषांत वेगळा आहे, ते लिहा.
६. वैमानिक आणि दारात ओणवा असलेला त्याचा साथीदार यांच्यातील संवाद आठ वाक्यांत लिहा.